पाणी गढूळ येतंय, असं कुणी सांगितलं तर

(मागच्या सुट्टीला कॅम्पच्या मेसमध्ये जेवणाआधी जे बोललो, ते मंडळींच्या सांगण्यावरून लिहून काढलं आहे. बोलताना राहिलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



आज ओव्हरटाइमच्या हिशोबाबद्दल बोलायचं ठरलं होतं. ते पुढच्या सुट्टीला. आज मी धरणाबद्दल बोलणार आहे. वाळवंटात बसून धरणाचं काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आता एप्रिल चालू आहे, सहा-सात आठवड्यांत गावाकडं पाऊस लागेल, आणि जे सांगायचं आहे ते पाऊस लागायच्या आधीच सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग नसतो.

इथं बसलेल्यांत निम्मे कोकणातले आहेत. बाकीचे साताऱ्याचे, सांगलीचे, काही बीड-नांदेडकडचे. प्रत्येकाच्या गावाच्या वरच्या अंगाला कुठं ना कुठं एक भिंत आहे. सगळ्या देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत, 2000 च्या वर. पाझर तलाव आणि लहान बंधारे तर त्यात धरलेलेच नाहीत. यातली बहुतेक धरणं मातीची आहेत. आपण लहानपणी त्या भिंतीवर गुरं चारली, सांडव्याखाली पोहलो. पण आपण धरणाच्या खाली राहतो, हे कधी मनात आलं नाही. मलाही आलं नव्हतं.

माझ्या मनात ते आलं 2 जुलै 2019 च्या रात्री. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण त्या रात्री फुटलं. गावाकडं साडेनऊच्या सुमाराची वेळ, म्हणजे इथं आठ. आम्ही जेवायला बसलो होतो. खोलीत चिपळूणकडचा एक जण होता, त्याचं गाव नदीच्या खालच्या अंगाला. त्याच्या फोनवर एकच ओळ आली, धरण फुटलं म्हणून. त्यानंतर फोन लागेना. घरी लागेना, शेजारी लागेना, चुलत्याला लागेना. तो रात्रभर जिन्यात बसून राहिला. आम्ही आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो. पहाटे चारला त्याच्या बहिणीचा फोन आला, सगळे वरच्या वाडीत आहेत म्हणून. पाच वाजता बस आली आणि तो कामावर गेला. सुट्टी मागितली असती तर पगार कापला असता.

त्याचं घर वाचलं. भेंदवाडीतली बारा-तेरा घरं मात्र वाहून गेली आणि वीसहून जास्त माणसं गेली. जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस, माणसं जेवून निजायच्या तयारीत. आवाज आला तेव्हा पळायला वेळच उरला नव्हता.

यातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट वेगळी आहे. धरण गळतंय, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. तक्रारी दिल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर माती टाकून डागडुजी केली, असं त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. म्हणजे माहिती होती. ती ज्यांना होती, त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं, एवढंच.

आणि फुटल्यावर काय झालं? त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी भिंत पोखरली. तुम्हाला आठवत असेल, लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते, यांना अटक करा म्हणाले. हसू आलं तेव्हा, पण जरा थांबून विचार करा. खेकडा बांध पोखरतो हे खोटं नाही. भातशेती करणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. आपला बाप दरवर्षी पेरणीआधी बांधावरून फिरतो, बिळं बघतो, चिखल आणि दगड ठासून ती बुजवतो. दोन गुंठ्यांच्या खाचराला जी काळजी घेतली जाते, ती अख्ख्या नदीला अडवून धरणाऱ्या भिंतीला घेतली गेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. खेकड्याचं नाव घेऊन तर उलट जबाबदारी वाढते.

आपल्यातले बरेच जण माती आणि काँक्रीटची कामं करतात, म्हणून थोडं कामाचं सांगतो. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याला नितळ येतं, रोज साधारण तेवढंच येतं, आणि त्याला वाट काढून दिलेली असते. त्याला घाबरायचं कारण नाही. पण तेच पाणी गढूळ यायला लागलं की समजायचं, ते आतली माती घेऊन येतंय. आत बारीक नळी तयार होते. नळी रुंद होते, पाणी जास्त येतं, आणखी माती नेते. हे आठवडाभर चालू शकतं किंवा चार तासांत संपू शकतं. माथ्यावर लांब भेग दिसली, एखादी जागा खचली, उताराची माती सरकली, सांडव्याची फरशी उखडली, किंवा जिथं कधी पाणी नव्हतं तिथं ओल आणि हिरवं गवत दिसायला लागलं, तर या सगळ्या धोक्याच्या खुणा आहेत. त्या ओळखायला इंजिनियर लागत नाही. रोज तिथं गुरं नेणाऱ्या म्हाताऱ्याला त्या आधी दिसतात. प्रश्न एवढाच, की तो म्हातारा सांगतो तेव्हा ऐकतं कोण?

आपल्यालाही हे चांगलं ठाऊक आहे. मागं एका साईटवर मी फोरमनला सांगितलं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या मचाणाचा क्लॅम्प सैल आहे. तो म्हणाला, चलता है, काम करो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, तुम्हा लोकांना काम नको असतं, निमित्तं हवी असतात. तिसऱ्या दिवशी फळी कलंडली आणि बिहारच्या एका पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कागदावर काय आलं? कामगारानं काळजी घेतली नाही. मंडळी, मचाणावर तो खेकडा आपणच असतो.

म्हणून धरणाखालच्या माणसांबद्दल मला जे वाटतं, ते नुसती कीव येणं नाही. त्यांचं काय होतं ते मला आतून कळतं. कीव धरण फुटल्यावर सगळ्यांनाच येते. दुसऱ्या दिवशी स्टेटसला मेणबत्त्या आणि भावपूर्ण श्रद्धांजली. तोच माणूस आदल्या महिन्यात गळतीबद्दल सांगत होता, तेव्हा आपण त्याला घाबरट म्हटलं, अफवा पसरवतो म्हटलं. आपल्याच गावच्या ग्रुपवर कुणी ओल्या भिंतीचा फोटो टाकला तर त्याखाली हसणारे चेहरे येतात. मीसुद्धा असले चेहरे टाकले आहेत.

भेगा पडलेल्या धरणाखाली राहायचं म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. पाऊस वाढला की झोप लागत नाही. वाडीतला एक जण रेनकोट घालून, बॅटरी घेऊन रात्री भिंत बघून येतो. दुसऱ्या रात्री दुसरा जातो. शासनानं नेमलेला हा पहारा नव्हे, माणसं जीव राहत नाही म्हणून जातात. पोरांना कपडे घालूनच निजवतात. रेशनकार्ड, आधार, जमिनीचे कागद, थोडं सोनं पिशवीत बांधून दाराजवळ ठेवतात. असे चार महिने. आणि पुढच्या वर्षी पुन्हा चार महिने. दोन वेळा घाबरून डोंगरावर गेलं आणि काहीच झालं नाही, तर तिसऱ्या वेळी पाय निघत नाही. मग आपण इथून फोनवर ओरडतो, ‘अरे, निघत का नाही तुम्ही?’ निघायचं तर गोठ्यातल्या म्हशीचं काय? लावणी चालू आहे, तिचं काय? शाळेच्या वर्गात किती दिवस काढायचे, आणि तिथं निरोप आला की परत कुणी न्यायचं?

आणि खरी गोष्ट अशी, की घरात न्यायला आहे कोण? आपण इथं आहोत. घरी आई आहे, बायको आहे, दोन पोरं आहेत, आणि खाटेवरची आजी आहे. अंधारात, पावसात, चिखलातून आजीला पाठुंगळी घेऊन वर चढवणारा माणूस या मेसमध्ये बसलाय. वाडीत तरणी माणसं किती उरलीत, ते प्रत्येकानं आज मनात मोजावं.

आता एक दुसरं धरण सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की हे सगळं नशिबावरच असतं. तिवरे फुटलं त्याच्या बरोबर तीस दिवसांनी, 1 ऑगस्ट 2019 ला, इंग्लंडमध्ये व्हेली ब्रिज नावाच्या लहान गावाच्या डोक्यावरच्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा पाण्यानं उखडला. तेही मातीचं धरण, आणि एकोणिसाव्या शतकातलं. काँक्रीटची फरशी खचली आणि खालची माती उघडी पडली. त्यांनी काय केलं? सुमारे 1500 लोकांना घराबाहेर काढलं. औषधं घ्या, पाळीव जनावरं घ्या आणि अमुक शाळेत जमा, असं पोलिसांनी सांगितलं. कुठं जायचं ते सांगितलं, म्हशीसारखाच त्यांच्या कुत्र्याचाही विचार केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं खडीच्या शेकडो टन पिशव्या आणून त्या खड्ड्यात टाकल्या. पंप लावून तलावाचं पाणी उतरवलं. सहा दिवसांनी लोक घरी गेले. एकही माणूस दगावला नाही.

तिथलं सगळं चोख होतं असं नाही. नंतरच्या चौकशीत सांडव्याची रचना सदोष होती आणि देखभाल अपुरी होती, असंच निघालं. म्हणजे चूक तिथंही झाली. पण बिघडलेली भिंत दिसली त्या दिवशी, फुटायची वाट न बघता, खालच्या माणसांना आधी हलवलं.

हे फक्त साहेबांच्या देशात जमतं, असंही समजू नका. 1961 साली पानशेत फुटलं, तेव्हा आदल्या रात्री आपल्या लष्कराचे जवान त्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते. भिंत वाचली नाही. पण ती 12 जुलैच्या सकाळी, उजेडात फुटली. पुण्याची दैना झाली, पेठाच्या पेठा गेल्या, तरी रात्रीच फुटली असती तर काय झालं असतं ते जुने पुणेकर अजून सांगतात. त्या पोत्यांनी काही तास विकत घेतले. काही तास म्हणजे किती माणसं, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

आता तिसरं धरण. हे सगळ्यांत जवळचं आहे, अंतरानं नाही, आपल्या धंद्यानं. लिबियात समुद्रकाठी डर्ना नावाचं शहर आहे. डोंगरातून एक वादी शहराच्या मधोमध येते. इथं राहून वादी म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय: एरवी कोरडी, पाऊस पडला की नदी. तिच्यावर 1970 च्या दशकात दोन धरणं बांधली. वरचं मोठं, अबू मन्सूर. खालचं लहान, शहराला अगदी लागून. 1998 मध्येच भेगा लक्षात आल्या होत्या. 2007 मध्ये दुरुस्तीचा ठेका दिला गेला, काम सुरू व्हायला 2010 उजाडलं, आणि 2011 मध्ये देशात उठाव झाल्यावर ते थांबलं ते थांबलंच. 2022 मध्ये तिथल्याच विद्यापीठातल्या एका जलतज्ज्ञानं लिहून ठेवलं, की देखभाल केली नाही तर मोठा पूर आला की खालच्या लोकांचा घात होईल. पुढच्याच वर्षी, 2023 च्या सप्टेंबरात, डॅनियल वादळ आलं. 10 तारखेच्या रात्री, 11 ची पहाट व्हायच्या आत, आधी वरचं फुटलं, मग खालचं. शहराचा मोठा भाग समुद्रात गेला. काहींना निघा म्हणून सांगितलं होतं, काहींना घरातच थांबा म्हणून. मृतांचा आकडा आजही वेगवेगळा सांगतात, पण तो हजारांतच आहे.

त्या हजारांत आपल्यासारखे परदेशी मजूर खूप होते. इजिप्तचे, सुदानचे, सीरियाचे, बांगलादेशचेही. इजिप्तमध्ये बेनी सुएफ जिल्ह्यात अल-शरीफ नावाचं एक गाव आहे. त्या एका गावातले सत्तरहून जास्त पुरुष डर्नात मेले. सगळे कामासाठी गेलेले, बांधकामावरचे. एका दिवशी एका गावात एवढ्या तिरड्या. आपल्याकडं खेड-दापोलीत अशी गावं आहेत की एक पोरगा आला, त्यानं भावाला आणलं, भावानं मेव्हण्याला, आणि अर्धी वाडी एकाच कॅम्पात. अल-शरीफचंही असंच झालेलं असणार. मी ती बातमी वाचली तेव्हा आधी आपल्या मजल्यावरच्या खोल्या मोजल्या.

2024 मध्ये तिथल्या कोर्टानं या धरणांच्या कारभारासाठी बारा अधिकाऱ्यांना तुरुंगवास सुनावला. ते झालं ते चांगलंच. पण अल-शरीफला त्यानं काय परत मिळालं?

दोन्ही टोकांना आपणच आहोत, हे लक्षात घ्या. गावाकडं आपलं घर धरणाच्या खाली. इथं आपली खोली जिथं स्वस्त मिळेल तिथं, म्हणजे बहुतेक खोलगट जागी. 2022 च्या जुलैत फुजैराकडं पूर आला, त्यात सात माणसं गेली, ती सगळी आशियातली होती. तुमच्या खोलीत किती जण राहतात आणि कंपनीच्या यादीत किती जणांची नावं आहेत, ते जुळतं का बघा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कार्ड मुदत संपलेलं, खोली दुसऱ्याच्या नावावर, असा माणूस वाहून गेला तर तो हरवला हे तरी कुणाला कळणार? म्हणून पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची फोटोकॉपी घरी असायलाच हवी. खोलीतल्या प्रत्येकाच्या घरचा नंबर खोलीतल्या दुसऱ्या कुणाकडं तरी असायला हवा. आणि नंबर फोनमध्ये नको, कागदावर. फोन भिजतो.

आता गावाकडचं काम. 1 मे ला इथं कामगार दिन, गावाकडं महाराष्ट्र दिन, आणि त्याच दिवसाच्या सुमारास ग्रामसभा असते. पावसाळ्याआधीची तीच. या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा पैसे पोचले का एवढंच विचारून ठेवू नका. आपल्या गावाच्या वर कोणतं धरण, कुठला तलाव, तो कुणाच्या ताब्यात आहे, ते विचारा. पाटबंधारे विभाग, जलसंधारण विभाग, जिल्हा परिषद, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की ती तिथंच मरते. ग्रामसभेत दोन ठराव मांडायला सांगा. एक, पावसाळ्यापूर्वीची तपासणी झाली का आणि तिचा अहवाल काय. दुसरा, फुटायची वेळ आली तर भोंगा कुठं वाजणार आणि लोकांनी कुठल्या वाटेनं कुठं जायचं.

हे मागणं म्हणजे भीक नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, आणि प्रत्येकासाठी आपत्कालीन कृती आराखडा करायचा, असं त्यात लिहिलंय. जुन्या धरणांना आराखड्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. लहान पाझर तलाव यात बसत नाहीत, ही त्या कायद्यातली मोठी फट आहे, पण म्हणून विचारायचं थांबू नका. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी दहा रुपये. घरातलं कुणीही टाकू शकतं. बायकोच्या नावानं टाका. धरणाखाली रात्र काढणारी तीच आहे.

एक गोष्ट उलट बाजूची. जुना व्हिडिओ, दुसऱ्या राज्यातली फुटलेली भिंत, ‘आत्ताच आलं’ म्हणून पाठवू नका. एकदा खोटी हाक गेली की खऱ्या हाकेला लोक उठत नाहीत. फोटो असेल तर तारीख, जागा आणि काढणाऱ्याचं नाव लिहून पाठवा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी तहसीलदारांच्या कार्यालयात पोचवा. आणि कुणी असा फोटो पाठवला, पाणी गढूळ येतंय म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याला फोन करा. कुठं, कधीपासून, किती, ते विचारा. आपल्या साईटवर आपल्याला कुणी असं विचारलं असतं तर कसं वाटलं असतं, तसं विचारा.

मी ही वही ठेवलीय इथं. पहिल्या रकान्यात तुमचं नाव आणि खोली. दुसऱ्यात गाव. तिसऱ्यात गावावरच्या धरणाचं नाव. चौथ्यात घरचा नंबर. मघाशी सहज विचारलं तर अकरा जणांपैकी चौघांना धरणाचं नाव सांगता आलं नाही. त्यांनी तो रकाना मोकळा ठेवावा, घरी फोन करून पुढच्या सुट्टीला भरावा. पेन एकच आहे, तेव्हा रांगेनं या. भात झालाय, पण आधी वही.